एका वहीत एकच हात

१९९८ सालच्या खंडेनवमीला सकाळी साडेनऊच्या सुमारास आबांनी दोन सर्व्हरना जोडणारी वायर काढली, तिची गुंडाळी केली, तिला हळदकुंकू वाहिले आणि ती पाटावर नांगराच्या फाळाशेजारी ठेवली. फाळ त्यांनी घरून पिशवीत आणला होता. दुपारी एक वाजता ऊसतोडीची जी यादी छापून निघाली, ती चुकीची होती.

या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, याचा अहवाल मी लिहिला. अहवाल दोन पानांचा आहे. पहिले पान मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिले. दुसरे पान त्यानंतर अकरा दिवसांनी.

साखर कारखाना सहकारी होता. त्याचा निम्मा ऊस बारामती तालुक्यातून येई, निम्मा इंदापूर तालुक्यातून. मी तिथे संगणक विभाग सांभाळत असे. त्याआधी काही वर्षे पुण्यातल्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम केले होते. आबा शेतकी विभागाच्या दफ्तराचे प्रमुख होते. वय सत्तावन्न. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, त्यातले एक कधीच न वापरलेले. ते कशासाठी ठेवले आहे असे विचारले की म्हणत, "पयलं बंद पडलं तर."

ज्यांनी साखर कारखान्याचे शेतकी कार्यालय पाहिले आहे, त्यांना दफ्तराचे महत्त्व सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की शेतकरी ऊस लावतो तेव्हा लागणीची तारीख कारखान्यात नोंदवतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. तोड उन्हाळ्यात गेली की ऊस रानात वाळतो आणि वजनात मार खातो. त्यामुळे गावागावांत त्या तारखेवर नजर असते. तारखा गावागणिक एकेका नोंदवहीत होत्या आणि सगळ्या वह्या आबांच्या ताब्यात.

वही मागायला कोणी आले की आबा डाव्या हाताने ती छातीशी धरत, उजव्या हाताचे एक बोट वर करत आणि म्हणत, "एका वहीत एकच हात."

दफ्तराच्या भिंतीवर एक लांब फळी होती. फळीवर गावागणिक एक खिळा. प्रत्येक कारकुनाला स्वतःच्या नावाची एक लाकडी पाटी दिलेली होती. वही न्यायची तर आपली पाटी त्या गावाच्या खिळ्याला अडकवायची. वही परत केली की पाटी काढून न्यायची. खिळ्याला पाटी असेल तर ती वही दुसऱ्या कोणालाही मिळत नसे. एकदा आमचे एमडी स्वतः दफ्तरात आले.

"आबा, पिंपळीची वही द्या."

"पाटी कुठं हाय?"

"अहो, मी एमडी आहे."

"व्हय की. सुताराला सांगतो, पाटी करून दील आजच."

दुपारी पाटी तयार झाली. त्यावर एमडींचे नाव आणि खाली कंसात पद होते. एमडींनी ती खिळ्याला अडकवली आणि मगच वही नेली. ही गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

आबांचा आणखी एक नियम होता. आपल्या गावच्या वहीला आपण हात लावायचा नाही. आबा कळसचे. आजोबांपर्यंत घरात मेंढ्या होत्या, वडिलांनी विहीर पाडून ऊस लावला. थोरला भाऊ अजून शेती करत होता. कळसच्या खिळ्याला आबांची पाटी त्यांच्या नोकरीत कधी लागली नव्हती. कळसची वही कपाटातून काढायची वेळ आली तरी ते दुसऱ्याला हाक मारत आणि स्वतः बाजूला उभे राहत.

अशा माणसाच्या खोलीत मला संगणकांचा क्लस्टर उभा करायचा होता. दुसरी खोली नव्हती.

बेत साधा होता. सगळ्या नोंदवह्या संगणकावर घ्यायच्या. मुख्य कार्यालयातले कारकून आणि फोनच्या तारेवरून इंदापूरचे गट कार्यालय, दोघांनीही एकाच ठिकाणच्या फाइली उघडायच्या. त्यासाठी दोन सर्व्हर आणि दोघांच्या मध्ये डिस्कची एक पेटी. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काम चालू ठेवायचे. जोडणी चालू असताना आबा स्टूल घेऊन माझ्या मागे बसले.

"दोन मशीनी कशाला?"

"एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून." मी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवले. "तुमच्या पेनासारखं."

हे त्यांना पटले. "आन ह्यो डबा?"

"वह्या सगळ्या डब्यात. दोन्ही मशीन त्यातूनच वाचणार, त्यातच लिहिणार."

बोट वर गेले. "एका वहीत दोन हात?"

"एका वेळी एकच. एक लिहीत असली की दुसरी थांबते."

"तिला कळतं कसं?"

मी दोन सर्व्हरमधली वायर दाखवली. "दर दोन सेकंदांनी यातून ही मशीन तिला विचारते, आहेस का? ती म्हणते, आहे."

"आन गप ऱ्हायली तर?"

"तर ही समजते की ती मेली. आणि सगळा कारभार स्वतःकडे घेते."

आबांनी स्टूल पुढे ओढले. मग म्हणाले, "सायेब, माजा थोरला भाऊ तीन वर्सं माज्याशी बोलत न्हाय. म्हंजी मेला धरू? त्याचा कारभार घिऊ का हातात?"

खोलीतले दोन कारकून हसले. मी हसलो नाही. मला जोडणी संध्याकाळपर्यंत संपवायची होती आणि सकाळपासूनचा हा त्यांचा पंधरावा प्रश्न होता. ज्यांनी असे सर्व्हर जोडले आहेत त्यांना कळेल, की तो प्रश्न नेमका होता. गप्प बसलेला आणि मेलेला यांतला फरक सर्व्हरला कळत नाही. म्हणून यंत्रणेत एक संरक्षण दिलेले असते. जोडीदाराचा आवाज येईनासा झाला की सर्व्हरने आधी त्याचा डिस्कवरचा हात तोडायचा आणि मगच स्वतः लिहायचे.

श्रावणात वीज सारखी झटके देत होती. प्रत्येक झटक्याला हे संरक्षण जागे होई, एक सर्व्हर दुसऱ्याला बाहेर काढी आणि माझी चाचणी पहिल्यापासून सुरू होई. तिसऱ्या दिवशी मी संरक्षण बंद केले. एका चिठ्ठीवर लिहिले, 'संरक्षण बंद आहे. नंतर चालू करणे.' ती माझ्या टेबलाच्या काचेला चिकटवली.

पुढचे दोन महिने माझा वेळ आबांमध्ये गेला.

ते रोज सकाळी सर्व्हरची खोली स्वतः झाडत. शिपायावर त्यांचा विश्वास नव्हता. झाडून झाले की एसी बंद करत, कारण मशीनी गारठतात. मी भिंतीवर कागद लावला, 'एसी बंद करू नये.' आबांनी एसी बंद करणे सोडले आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही सर्व्हरवर टॉवेल पांघरला. मी दुसरा कागद लावला, 'मशीनवर काही टाकू नये.' टॉवेल गेला. मग मशीनच्या पुढ्यात उदबत्ती आली. तिसरा कागद. मग एका शनिवारी त्यांनी घरी जाताना दोन्ही सर्व्हरची बटणे बंद केली, कारण उद्या रविवार. चौथा कागद मी लाल शाईने लिहिला, 'बटणाला हात लावू नये.'

आबांनी एकही कागद मोडला नाही, हे नोंदवणे भाग आहे. जे लिहिले होते ते त्यांनी अक्षरशः पाळले.

पाट्यांचे मात्र मला काही करता आले नाही. वह्या संगणकात गेल्या तरी त्यांनी फळी तशीच ठेवली. कारकुनाने पिंपळीची फाइल पडद्यावर उघडण्याआधी दफ्तरात जाऊन पिंपळीच्या खिळ्याला पाटी लावायची, काम संपले की जाऊन काढायची. इंदापूरच्या लोकांनी फोन करायचा आणि इथल्या कोणीतरी त्यांच्या नावाची पाटी लावायची.

"आबा, हे काम मशीन करतं. एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला ती थांबवते. त्यासाठीच तर हे सगळं आणलं."

"मशीनीचं मशीन करंल. तुमी पाटी लावा."

"मग या क्लस्टरचा उपयोग काय?"

"त्ये तुमी सांगायचं. आणला तुमी."

मी एमडींकडे तक्रार केली. ते म्हणाले, "सहा महिने राहिलेत त्यांचे. लावा की पाटी."

खंडेनवमीला दफ्तर बंद होते. पण तारखांच्या दुरुस्त्यांसाठी तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे तीन कारकून इथे आणि दोन इंदापूरला कामावर होते. मी अकरा वाजता आलो. दफ्तरात पाट मांडला होता. त्यावर फाळ, एक विळा, दोन पेने, कारकुनांच्या सगळ्या पाट्या ओळीने धुऊन पुसून, आणि ती वायर. सर्व्हर चालू होते. त्यांना झेंडूचे हार होते. मला हार दिसले. हार कागदावर मना केलेले नाहीत, एवढाच विचार मी केला आणि माझ्या टेबलाकडे गेलो. पाटावरच्या वायरीकडे माझे लक्ष गेले नाही.

वायर नव्हती, म्हणून दोन्ही सर्व्हरनी एकमेकांना मेलेले धरले. संरक्षण बंद होते, म्हणून कोणी कोणाचा हात तोडला नाही. दोघांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहायला सुरुवात केली. पाट्या पाटावर होत्या, म्हणून माणसांनीही एकमेकांना थांबवले नाही. दुपारी छापलेल्या यादीत पिंपळीच्या तारखा कळसच्या शेतकऱ्यांच्या नावांपुढे लागल्या होत्या आणि कळसच्या तारखा पिंपळीपुढे. पिंपळीची लागण आधीची. त्यामुळे कळसचा सगळा ऊस पहिल्या पंधरवड्यात तोडीला आला आणि पिंपळीचा उन्हाळ्यात गेला.

यादी इथे आणि इंदापूरला, दोन्हीकडे फलकावर लागली. चार वाजता पिंपळीचे पंचवीसेक लोक कारखान्याच्या फाटकात होते. त्यातल्या एकाने विचारले, "दफ्तरावरला म्हातारा कुठल्या गावचा?" रखवालदाराने सांगितले.

पुढचे त्यांनी स्वतःच जुळवले. म्हातारा कळसचा. कळस वर आले. यादीत दुसरे नाव त्याच्या थोरल्या भावाचे. आणि मशीनची वायर त्याने स्वतःच्या हाताने काढली होती, हे पाहणारे तीन कारकून होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एमडींच्या खोलीत चौकशी झाली. मी टिपण घेतले. ते माझ्याकडे आहे.

"आबा, वायर काढलीत?" एमडींनी विचारले.

"व्हय."

"का?"

"खंडेनवमी व्हती."

"म्हणून वायर काढायची?"

"आवजार जोडल्यालं ठेवत न्हाईत त्या दिशी. नांगराचा फाळ काढत्यात. जू उतरवत्यात. सुटं करून पुसायचं, पुजायचं, दसऱ्याला पुन्यांदा जोडायचं."

"कोणाला विचारलंत?"

"खंडेनवमीला इचारत्यात व्हय कुणाला?"

मी मध्ये बोललो. "आबा, चार कागद लावले होते मी."

"बटनाला हात लावायचा न्हाय म्हणला व्हता. न्हाय लावला. वायरीचा कागद न्हवता, सायेब."

चौकशीला बसलेल्या संचालकांपैकी एकाने विचारले, "कळसच वर कसं आलं? भाऊच वर कसा आला?"

आबांनी प्रथमच मान खाली घातली. "त्ये मला न्हाय कळत. माजी पाटी कळसच्या खिळ्याला कदी लागली न्हाय."

"पाटीचा पुरावा होत नाही, आबा."

आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी माझे पहिले पान वाचून दाखवले. त्यात वायर कोणी, कधी, कशी काढली हे होते. प्रत्येक वाक्य खरे होते. संरक्षणाचा उल्लेख नव्हता. आबांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. निवृत्तीला पाच महिने होते. निघताना त्यांनी दफ्तराची किल्ली टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. एमडींनी पोच लिहून दिली.

संरक्षण मी त्याच दुपारी चालू केले. चिठ्ठी तशीच राहिली.

अकराव्या दिवशी सकाळी एक उंच, काळासावळा म्हातारा माझ्या खोलीत आला. डोक्याला पटका, हातात चपला. दारात काढून ठेवायच्या सोडून त्याने त्या हातात घेतल्या होत्या. बसा म्हटले तर बसला नाही.

"तुमीच का मशीनवालं?"

"हो."

"मी त्याचा थोरला भाऊ." कोणाचा, हे त्याने सांगितले नाही. "माजा ऊस त्यानं वर घेतला म्हणत्यात गावात. पेढं मागत्यात लोक."

"यादी रद्द झाली आहे."

"यादीचं मरू द्या. तीन वर्सांमागं मी हितं आलो व्हतो. त्याच्याफुडं हात जोडलं. म्हणलं, पंधरा दिस तारीख मागं घे, फकस्त पंधरा दिस, कुणाला कळतंय? त्यानं काय केलं म्हायती हाय? उठला आन बाकड्यावर जाऊन बसला. भायेर. मी जाईस्तवर आत आला न्हाय. तवापास्नं बोलत न्हाय आमी."

"मग आता..."

"आता बी बोलत न्हाय. बोलनार बी न्हाय. मला फुकट खाली पाडला त्यानं गावात. पर ह्ये खोटं हाय, सायेब. त्या गड्यानं तारीख हालवली म्हणनारा येडा हाय. सख्ख्या भावाला पंधरा दिस दिलं न्हाईत, त्यो अख्खं गाव वर घेतोय व्हय? तुमी शिकल्याली मानसं. तुमाला एवडं कळत न्हाय?"

तो गेला. मी टेबलाच्या काचेवरची चिठ्ठी काढली आणि तिच्या मजकुरासह अहवालाचे दुसरे पान लिहिले. संरक्षण कोणी बंद केले, कधी केले, ते चालू असते तर वायर काढूनही यादी का बिघडली नसती, आणि कळस-पिंपळीची अदलाबदल कोणाच्याही हाताने का करता आली नसती. सर्व्हरच्या नोंदीत माझ्या नावापुढे ती आज्ञा होती. तिची छापील प्रत जोडली. दुपारी अडीच वाजता पान एमडींना दिले.

त्यांनी ते दोनदा वाचले. "हे पहिल्या दिवशी का नाही दिलंत?"

"पहिल्या दिवशी लिहिलं नव्हतं."

माझ्या सेवापुस्तकात नोंद झाली. आबांना बोलावणे गेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला आले, किल्ली घेतली, पोच परत केली आणि सर्व्हरची खोली झाडायला लागले. मी दारात उभा राहिलो. काय बोलावे ते मी ठरवून आलो होतो. त्यांनीच आधी विचारले.

"ती चिठ्ठी काढली का?"

"कोणती?"

"टेबलावरली. संरक्षन बंद हाय, नंतर चालू करने. दोन म्हैनं पुसतोय की मी तिच्या भवतीनं."

"तुम्ही वाचली होती?"

"वाचता येतं मला."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

आबांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "टेबल तुमचं. चिठ्ठी तुमची. माजा हात न्हाय तितं."

मी माफी मागितली की नाही, याची नोंद माझ्या टिपणात नाही. आठवणीवर मी ते लिहिणार नाही.

बिघडलेल्या फाइली शेतावरच्या मूळ नोंद-पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. आबा पावती वाचत, कारकून टंकत. प्रत्येक गावाला पाटी. कळसची पाळी आली तेव्हा आबांनी पावत्यांचा गठ्ठा दुसऱ्या कारकुनाकडे सरकवला, बाहेर जाऊन बाकड्यावर बसले आणि दाराकडे पाठ केली. काम दीड तास चालले. दीड तास ते तसेच बसले होते. नव्या यादीत त्यांच्या भावाचा ऊस सातव्या पंधरवड्यात होता. तो तेव्हाच तुटला. दोघे भाऊ पुढे बोलू लागले का, याची खात्री मला करता आलेली नाही.

त्याच आठवड्यात आबांनी दोन सर्व्हरच्या मध्ये भिंतीत एक खिळा ठोकला आणि सुताराकडून माझ्या नावाची पाटी करवून आणली.

"वायरीला हात लावायचा तर पाटी. मी आसू न्हायतर दुसरा कोनी."

त्यानंतर मी त्या नोकरीत होतो तोपर्यंत वायरीला हात लावताना पाटी लावत असे.

फेब्रुवारीअखेर आबा निवृत्त झाले. समारंभात त्यांना शाल दिली, नारळ दिला. भाषण करा म्हटल्यावर ते उभे राहिले, बोट वर केले आणि खाली बसले. लोक हसले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते कळसला वारले. मला ते चौथ्या दिवशी समजले.

मी नोकरी सोडली तेव्हा ताब्यातल्या वस्तूंची मोजणी करून द्यावी लागली. सर्व्हर दोन. डिस्कची पेटी एक. वायर एक. भिंतीवरची फळी एक. पाट्या मोजल्या तर एक कमी भरली. आबांचीच गायब होती. मी भांडारपालाला विचारले. त्याने आवक-जावक वही काढली आणि आबांच्या निवृत्तीच्या दिवसाचे पान उघडले.

नोंद आबांच्या हातची आहे. 'लाकडी पाटी, नग एक, स्वतःच्या नावाची, घेऊन जात आहे.' खाली त्यांची सही आहे. परत केल्याची तारीख, हा पुढचा रकाना कोरा आहे.